चाळीस वर्षांच्या दप्तराची कुळकथा

अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात राबणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीचे दप्तर त्याच्या नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे, अथवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर मालकाने जपून ठेवावे, असा दंडक आपल्या देशात आहे. न्यायालयीन निर्णयाच्या अनेक कलमांतील हे एक कलम वरवर पाहता कारकुनी वाटते. परंतु त्याच्या वंशावळीत एका इंग्रज कामगार स्त्रीचे मरण आहे, भोपाळची रात्र आहे, आणि कारखान्याच्या आतल्या धुळीवर भांडणारे व बाहेरच्या हवेवर भांडणारे असे दोन परस्परांना अनोळखी पक्ष फार उशिरा का होईना एकमेकांकडे वळले, त्याचीही हकीकत आहे.

चाळीस वर्षांचीच मुदत का, याचे उत्तर त्या खनिजाच्या स्वभावात आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके सूक्ष्म. श्वासावाटे फुफ्फुसात गेलेले ते तेथेच रुतून बसतात, हळूहळू त्या जागी व्रण धरतो, फुफ्फुस ताठरते, दम लागू लागतो, आणि काहींना पुढे कर्करोग होतो. तंतू शरीरात शिरणे आणि रोग प्रकट होणे यांत पंधरा, वीस, कधी चाळीस वर्षांचे अंतर पडते. तोपर्यंत कामगार निवृत्त होऊन गावी गेलेला असतो, कारखान्याचे नाव बदललेले असते, कधी कारखानाच उठून गेलेला असतो. आणि अपराध व परिणाम यांच्यामधील हे अंतर हेच मालकाचे सर्वांत भक्कम संरक्षण ठरते.

हे संरक्षण प्रथम उघडे पडले ते लँकशायरमधील रॉचडेल या गावी. लहान वयात अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामाला लागलेली नेली केर्शॉ १४ मार्च १९२४ रोजी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावली. ती टर्नर ब्रदर्स या कंपनीत सूत कातीत असे. तिच्या आजाराची जबाबदारी कंपनीने नाकारली. कारण असे दिले की, अशा रोगाची कोठेही व्याख्या नाही आणि नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीत त्याचे नाव नाही. यादीत नाही म्हणून रोग नाही, आणि रोग नाही म्हणून देणे नाही, हा युक्तिवाद मला त्या मरणाहूनही भयंकर वाटतो. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. कुक यांनी तिच्या फुफ्फुसांचे परीक्षण प्रसिद्ध केले, १९३० साली सरकारी पाहणीचा अहवाल आला, आणि १९३१ साली इंग्लंडमध्ये त्या धुळीवर पहिले नियम झाले.

या टर्नर घराण्याचा, म्हणजे टर्नर अँड न्यूअल कंपनीचा, मुंबईच्या उपनगरांशी निकटचा संबंध आहे. घाटकोपरला मोटारींच्या ब्रेकची अस्तरे करणारा हिंदुस्थान फेरोडो, जो पुढे हिंदुस्थान काँपोझिट्स झाला, आणि मुलुंडला छपरांचे सिमेंटचे पत्रे करणारी एव्हरेस्ट, ही दोन्ही त्याच इंग्रजी कुळातली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी तेथे आयुष्ये वेचली. आणि अंगावरच्या कपड्यांतून ती धूळ घरोघर गेली, जेथे ते कपडे झटकून धुणाऱ्या बायकांच्या श्वासातही तिला वाट मिळाली. कारखान्याचा दरवाजा ही कामगारप्रश्न आणि पर्यावरणप्रश्न यांच्यामधील सरहद्द आहे ही समजूत किती पोकळ आहे, ते या एका धुण्यावरून कळावे.

तरीही ती सरहद्द दीर्घकाळ पाळली गेली. संघटनांचे लक्ष वेतनावर, बोनसवर आणि बडतर्फीवर. निसर्गप्रेमींचे खाडीवर, वनावर आणि धुरांड्यावर. भोपाळच्या युनियन कार्बाइडमधील कामगार संघटनेने १९८२ सालीच भित्तिपत्रके लावून शहराला विषारी वायूचा इशारा दिला होता, पण तो कोणी मनावर घेतला नाही. डिसेंबर १९८४च्या त्या वायुगळतीच्या रात्रीनंतर मात्र कायद्याला जाग आली. १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, कामगारांच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवणे मालकावर बंधनकारक झाले आणि सुरक्षा समितीत कामगारांना बरोबरीची जागा मिळाली. त्याच सुमारास अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या ग्राहकसंस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्याचा निकाल २७ जानेवारी १९९५ रोजी लागला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत अधिकाराचाच भाग होय असे न्यायालयाने ठरविले, रोग सिद्ध झालेल्यास एक लाख रुपये द्यावेत असे फर्माविले, आणि चाळीस वर्षांच्या दप्तराचा दंडक घातला.

परंतु दप्तर मालकाच्या कपाटात, आणि त्यावर सही मालकाच्या डॉक्टरची, अशी स्थिती असता फर्मान कितपत फळावे? म्हणून दुसरे दप्तर निर्माण करावे लागले. १९८८ साली मुंबईत स्थापन झालेल्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरने, जेथे कामगार संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले, आधी गिरण्यांतील कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग उजेडात आणला, आणि मग केंद्राचे डॉ. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी घाटकोपरच्या कामगारांकडे लक्ष वळविले. क्ष-किरण चित्रे काढली गेली, श्वासाची क्षमता मोजली गेली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत १८१ कामगारांपैकी ४१ जणांना, म्हणजे पाचांतील एकाहून अधिकांना, अ‍ॅस्बेस्टॉसचा रोग आढळला. देशात सुमारे एक लाख माणसे या धुळीत काम करीत असून भरपाई मिळालेल्यांची संख्या तिसाच्याही आत आहे, असे त्यांनी नमूद केले. आणि डॉक्टर मंडळी या रोगाला क्षय किंवा जुनाट खोकला म्हणून मोकळी होतात, हेही निर्भीडपणे लिहिले.

येथेच दोन्ही पक्षांची परस्परांना असलेली गरज स्पष्ट होते. संघटनेजवळ हजेरीपट असतो, कोणी कोणत्या खात्यात किती वर्षे काढली याची तोंडी खातरजमा असते, आणि माणसाला तपासणीला उभे करण्याइतका विश्वास असतो. पर्यावरणवाद्यांजवळ शास्त्र, न्यायालयाची वहिवाट आणि परदेशांतील अनुभव. फ्रान्सची क्लेमांसो ही युद्धनौका अ‍ॅस्बेस्टॉससकट गुजरातमधील अलंगच्या जहाजतोडणीच्या धक्क्यावर मोडीत निघाली असता फ्रान्समधील अ‍ॅस्बेस्टॉसग्रस्तांच्या संघटना आणि ग्रीनपीस एकत्र झगडल्या, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ती माघारी फिरवावी लागली. आपल्याकडे बॅन अ‍ॅस्बेस्टॉस नेटवर्क ऑफ इंडियाच्या छत्राखाली असेच मिश्र मंडळ जमले. तथापि या मैत्रीत एक खरी अडचण आहे. बंदीची मागणी करणाऱ्याने पोटापाण्याची तजवीज सांगितली नाही, तर कामगार मालकाच्या बाजूला जाऊन उभा राहतो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. १९९६ साली दिल्लीतील घातक कारखाने न्यायालयाच्या हुकमाने हलविले गेले तेव्हा हवा शुद्ध करण्याचा हिशेब ज्यांच्या रोजीरोटीवर पडला, त्यांच्या मनात पर्यावरण या शब्दाविषयी जी कटुता साठली, ती अनाठायी नव्हती.

घाटकोपरची तपासणी कारखान्याच्या कायम कामगारांची होती. मुकादमामार्फत आलेला, पोती फोडणारा आणि धूळ झाडणारा कंत्राटी मजूर बहुधा कोणत्याच पटावर नसतो. त्यामुळे नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे मोजायची म्हटले, तर त्याच्या बाबतीत तो आरंभच कोठे लिहिलेला नसतो. रशिया, कझाकस्तान व ब्राझील येथून आयात होणारे ते खनिज आजही आपल्या कारखान्यांत उतरते आहे, आणि त्याची पोती फोडण्याचे काम अशाच मजुरांकडे आहे. त्यांच्या नावांची यादी आजपासून संघटनांनी करावी आणि त्यांच्या वस्तीतल्या हवेची मोजणी पर्यावरणवाद्यांनी तिला जोडावी, म्हणजे २०६० साली कोणा डॉक्टरसमोर बसलेल्या म्हाताऱ्याला आपण कोठे काम करीत होतो याचा कागद दाखविता येईल.