लामिया उड्डाण 2933 : विमान अपघात व नुकसानभरपाईचे दावे

28 नोव्हेंबर 2016 च्या रात्री कोलंबियातील मेदेयीन शहराजवळ कोसळलेले भाडोत्री (चार्टर) विमान, आणि त्या अपघातातून अनेक देशांत उभे राहिलेले दायित्वाचे व नुकसानभरपाईचे खटले. विमानातील 77 जणांपैकी 71 जण मृत्युमुखी पडले. मृतांत ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातील शापेकोएन्से या फुटबॉल संघाचे बहुसंख्य खेळाडू, प्रशिक्षक, पदाधिकारी आणि 20 पत्रकार होते. वाचलेल्या सहांमध्ये तीन खेळाडू, एक पत्रकार आणि विमानातील दोन कर्मचारी होते. अपघाताचे कारण तांत्रिकदृष्ट्या लवकर स्पष्ट झाले, पण भरपाई कोणी द्यायची हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. म्हणूनच भाडोत्री विमानसेवेतील दायित्वाचा विचार करताना हे प्रकरण महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी : कोपा सुदामेरिकाना स्पर्धेच्या अंतिम फेरीतील पहिला सामना खेळण्यासाठी संघ मेदेयीनला निघाला होता. ब्राझीलहून थेट कोलंबियाला जाण्यासाठी लामिया या बोलिव्हियातील छोट्या कंपनीचे विमान ठरवण्याचा बेत होता. कंपनी ब्राझीलची नव्हती आणि कोलंबियाचीही नव्हती, त्यामुळे हवाई करारांतील तरतुदींनुसार ब्राझीलच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने या उड्डाणाला परवानगी नाकारली. मग संघ नियमित प्रवासी विमानाने बोलिव्हियातील सांता क्रूझ येथे गेला आणि तेथून लामियाच्या विमानात बसला. दक्षिण अमेरिकेतील फुटबॉल संघांची ने-आण हा लामियाचा मुख्य धंदा होता. त्याच महिन्यात अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघानेही तिच्या विमानातून प्रवास केला होता.

अपघात व तांत्रिक कारण : विमान चार इंजिनांचे, ॲव्हरो आरजे85 जातीचे होते. सांता क्रूझ ते मेदेयीनजवळच्या रिओनेग्रो विमानतळापर्यंतचे अंतर सुमारे 2,960 किमी. हे अंतर त्या विमानाच्या कमाल पल्ल्याइतकेच होते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गंतव्य विमानतळापर्यंत पुरणाऱ्या इंधनाशिवाय पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते, आकस्मिक गरजेचे आणि शेवटी किमान 30 मिनिटे आकाशात घिरट्या घालता येतील इतके राखीव इंधन बरोबर असावे लागते. उड्डाण आराखड्यात मात्र प्रवासाचा अंदाजित वेळ 4 तास 22 मिनिटे आणि इंधन पुरण्याचा वेळही 4 तास 22 मिनिटेच लिहिला होता. या विसंगतीवर उड्डाणापूर्वी विमानतळावरच आक्षेप घेतला गेला, तरीही विमान निघाले. वाटेत इंधन भरण्यासाठी थांबा घेतला गेला नाही.

रिओनेग्रोजवळ पोहोचल्यावर दुसऱ्या एका विमानाला उतरण्यासाठी अग्रक्रम दिला गेला होता, म्हणून लामियाच्या विमानाला घिरट्या घालाव्या लागल्या. इंधनाची आणीबाणी वैमानिकाने फार उशिरा जाहीर केली. चारही इंजिने एकामागून एक बंद पडली, वीजपुरवठा गेला आणि विमान ला युनियन गावाजवळच्या सेरो गोर्दो डोंगरावर आदळले. इंधन संपले असल्यामुळे आग लागली नाही. कोलंबियाच्या तपासयंत्रणेने एप्रिल 2018 मध्ये अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. अपुरे इंधन, सदोष नियोजन आणि कंपनीतील ढिसाळ सुरक्षाव्यवस्था ही कारणे त्यात नोंदवली आहेत. इंधन धोक्याच्या पातळीखाली गेल्यानंतरही वैमानिकांनी वेळेत जवळचा विमानतळ गाठण्याचा निर्णय घेतला नाही, असेही अहवाल सांगतो. विमानाचा कप्तान कंपनीचा सहमालक होता. खर्चाची चिंता करणारा आणि सुरक्षेचा अंतिम निर्णय घेणारा अशा दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे होत्या, हे या प्रकरणातील फार गंभीर वास्तव आहे.

तपास आणि दायित्व यांतील फरक : आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या 13 व्या परिशिष्टानुसार अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा असतो, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नव्हे. त्यामुळे कोलंबियाच्या अहवालाने ‘का घडले’ हे सांगितले, पण ‘भरपाई कोण देणार’ याचे उत्तर देणे हे त्याचे कामच नव्हते. ते काम फौजदारी यंत्रणा, दिवाणी न्यायालये आणि विमाकंपन्या यांच्याकडे गेले. अपघातानंतर बोलिव्हियाने लामियाचा परवाना निलंबित केला. तेथील सरकारी चौकशीचा निष्कर्ष असा, की थेट जबाबदारी कंपनीची आणि वैमानिकाची आहे. कंपनीच्या व्यवस्थापकाला अटक झाली. उड्डाण आराखड्यावर आक्षेप घेणाऱ्या महिला अधिकाऱ्यावरही गुन्हा दाखल झाला. तिने ब्राझीलमध्ये आश्रय मागितला आणि 2021 मध्ये तिला तेथेच अटक झाली.

कायद्याची चौकट : आंतरराष्ट्रीय हवाई प्रवासातील मृत्यू व इजा यांबाबत 1999 चा माँट्रियल करार हा मुख्य आधार मानला जातो. मोबदला घेऊन केलेल्या चार्टर उड्डाणांनाही तो लागू होऊ शकतो. त्यात दायित्वाच्या दोन पायऱ्या आहेत. ठरावीक रकमेपर्यंत वाहतूकदाराला ‘आमची चूक नव्हती’ असा बचाव करता येत नाही. 2016 मध्ये ही मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे 1,13,100 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबी एकक), म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे दीड लाख अमेरिकी डॉलर होती. त्यापुढील रकमेतून सुटण्यासाठी आपला निष्काळजीपणा नव्हता, किंवा हानी पूर्णपणे तिसऱ्याच पक्षामुळे झाली, हे वाहतूकदाराला सिद्ध करावे लागते. दंडात्मक भरपाई या करारान्वये मिळत नाही आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.

करारातील कलम 50 या प्रकरणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. आपल्या विमान कंपन्यांनी दायित्व भागेल इतका पुरेसा विमा उतरवलेला असावा, अशी सक्ती सदस्य देशांनी करावी, असे हे कलम सांगते. मात्र किती विमा पुरेसा, पॉलिसी खरोखर चालू आहे का आणि ती उड्डाणाच्या मार्गाला लागू पडते का, हे प्रत्येक उड्डाणापूर्वी कोणी व कसे तपासायचे, याची पद्धत करारात नाही. ती प्रत्येक देशावर सोपवलेली आहे.

चार्टर उड्डाणातील पक्षकार : नियमित विमानसेवेत प्रवासी तिकीट काढतो, आणि त्याच्यासमोर एक मोठी, ओळखीची कंपनी असते. चार्टरमध्ये विमान भाड्याने घेणारा (येथे क्लब), ते चालवणारी कंपनी, विमानाचा मालक किंवा भाडेपट्टा देणारा, विमाकंपनी, तिची जोखीम वाटून घेणारी पुनर्विमा कंपनी, विमा दलाल आणि परवानगी देणारी शासकीय यंत्रणा असे अनेक पक्ष असतात. शिवाय शापेकोएन्सेचे खेळाडू व सोबत गेलेले पत्रकार कामानिमित्त प्रवास करत होते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा कामगार अपघातही ठरतो, आणि नोकरी देणाऱ्या मालकाविरुद्धचे दावे कामगार न्यायालयात जातात. ब्राझीलमधील क्रीडाकायद्यानुसार व्यावसायिक खेळाडूंचा किमान एका वर्षाच्या वेतनाइतका विमा उतरवणे क्लबला बंधनकारक आहे. पण कर्त्या माणसाच्या उर्वरित आयुष्याची कमाई बुडते, तेव्हा एका वर्षाच्या वेतनाने त्या घराचे फार काळ भागत नाही. कुटुंबांचे दावे क्लबवरही आले. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या शापेकोएन्सेला 2022 मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली कर्ज-पुनर्रचनेचा मार्ग धरावा लागला.

विम्याचा वाद : कुटुंबांच्या लढ्याचा खरा गाभा विमा हा आहे. बोलिव्हियातील बिसा सेगुरोस ही कंपनी विमा देणारी होती. जोखमीचा मोठा भाग लंडनच्या बाजारात पुनर्विम्याने वाटलेला होता. तेथे टोकियो मरीन किल्न ही प्रमुख कंपनी, तर एऑन ही दलाल होती. पॉलिसीची मर्यादा 2.5 कोटी डॉलर होती. आधीच्या काळात लामियाच्या विम्याची मर्यादा 30 कोटी डॉलर होती, ती इतकी खाली कशी आली, हा कुटुंबांच्या बाजूने सतत मांडलेला प्रश्न आहे. अपघातानंतर विमा कंपन्यांनी दोन कारणे पुढे करून दायित्व नाकारले : हप्ता थकल्यामुळे पॉलिसी निलंबित होती, आणि पॉलिसीतून कोलंबियातील उड्डाणे वगळलेली होती. कुटुंबांचा युक्तिवाद असा, की लामिया कोलंबियात संघ नेत असे हे उघड होते आणि उड्डाणाला परवानगी देताना विमा वैध असल्याचे कागद यंत्रणांपुढे होते. मग विमा कामी येण्याच्या वेळीच तो निरुपयोगी कसा ठरतो? आपण केवळ दलाल आहोत, विमा देणारे नाही, अशी एऑनची भूमिका राहिली.

विमा नाकारल्यानंतर विमा व पुनर्विमा कंपन्यांकडून मानवतावादी मदत म्हणून एक निधी देऊ करण्यात आला. प्रत्येक मृतामागे सुमारे 2.25 लाख डॉलर घ्यायचे आणि त्या बदल्यात पुढचे सगळे दावे सोडून द्यायचे, अशी त्याची अट होती. काही कुटुंबांनी गरजेपोटी हा प्रस्ताव स्वीकारला, पण अनेकांनी नाकारला. अवघ्या काही महिन्यांपूर्वी कर्ता माणूस आणि उत्पन्न दोन्ही गमावलेल्या घरासमोर असा प्रस्ताव ठेवणे कायद्याने चुकीचे नसेल, पण त्या दोन पक्षांमधली सौदा करण्याची ताकद समान नव्हती.

न्यायालये व संसद : सुमारे 40 कुटुंबांनी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात खटला चालवला. 2020 मध्ये मायामीच्या न्यायालयाने लामिया व संबंधितांविरुद्ध सुमारे 84.4 कोटी डॉलरचा निकाल दिला. आकडा मोठा असला तरी लामियाकडे तो फेडण्याइतकी मालमत्ता नव्हती. ज्या पॉलिसीवरून वाद पेटला ती पूर्ण देय झाली असती, तरी तिची मर्यादा या रकमेच्या जेमतेम 3 टक्के भरते. ब्राझीलमध्ये क्लबचे शहर असलेल्या शापेको येथील संघराज्य अभियोक्त्यांनी विमासाखळीतील कंपन्यांविरुद्ध सामूहिक दावा दाखल केला. 2019 मध्ये मृतांच्या नातेवाइकांनी लंडनला जाऊन विमा व दलाली कंपन्यांच्या कार्यालयांसमोर निदर्शने केली. वाचलेल्या खेळाडूंपैकी एक जण त्यांच्याबरोबर होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राझीलच्या सिनेटने संसदीय चौकशी समिती नेमली. कोविड महासाथीमुळे तिचे काम लांबले आणि 2022 मध्ये तिने आपला अहवाल मंजूर केला. या सगळ्या काळात विधवा आणि पालक यांनी स्थापन केलेल्या संघटनांनी कागदपत्रे गोळा केली, सुनावण्यांना हजेरी लावली आणि हा प्रश्न विस्मृतीत जाऊ दिला नाही. या प्रकरणात जी काही माहिती सार्वजनिक झाली, तिचे मोठे श्रेय त्यांचे आहे.

महत्त्व : लामिया प्रकरणात दोष कोणाचा, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो पैसे कोठून येणार, याचा. दायित्व सिद्ध होणे आणि भरपाई हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना जोडणारा पूल म्हणजे विमा. या विमानाच्या टाकीत राखीव इंधन नव्हते, आणि त्याच्या पॉलिसीतही अडचणीच्या वेळी पुरेल अशी राखीव ताकद नव्हती. दोन्हीकडे खर्च वाचला आणि दोन्हींची किंमत प्रवाशांनी व त्यांच्या घरांनी मोजली. उड्डाण आराखड्यात 4 तास 22 मिनिटे दोनदा लिहिलेली दिसताच उड्डाण थांबवण्याचा अधिकार कोणाला तरी हवा होता. त्याचप्रमाणे पॉलिसीत गंतव्य देशच वगळलेला असेल, तर त्या देशाने विमानाला उतरण्याची परवानगी नाकारायला हवी. हप्ता भरल्याची खात्री, मार्गाचा समावेश आणि पुरेशी रक्कम या तीन गोष्टी चार्टर उड्डाणाला हिरवा कंदील देण्यापूर्वी तपासणे हे इंधन मोजण्याइतकेच सुरक्षेचे काम आहे. विमान ठरवणारे क्लब, कंपन्या आणि आयोजक यांनीही स्वस्त दरपत्रक स्वीकारण्यापूर्वी विम्याचे कागद मागून ते स्वतंत्र जाणकाराकडून वाचून घेतले पाहिजेत. अपघातानंतर न्यायालयात सापडणाऱ्या बहुतेक त्रुटी त्या कागदांत आधीपासूनच लिहिलेल्या असतात.