तारेचे कुंपण आणि बोटांचे ठसे

सोलापुरात सेटलमेंट फ्री कॉलनी नावाची वस्ती आहे. या नावातल्या ‘फ्री’ शब्दामागे एक इतिहास आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली तो अधिक कडक केला. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींची मुले जन्मतःच गुन्हेगार ठरू लागली. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात वसविले गेले. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर पास घ्यायचा. नोंदवहीत नावाबरोबर बोटांचे ठसेही घेतले जात. जमातीला गुन्हेगार ठरविणाऱ्या सरकारी जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. कायद्यातच तशी मनाई होती.

ठशांची ही विद्या आपल्याकडेच वाढली. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. हजारो ठशांतून नेमका एक शोधून काढण्याची पद्धत बसविण्यात काझी अजीजुल हक आणि हेमचंद्र बोस या पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र मिळाले एडवर्ड हेन्री या साहेबाचे. १९०१ साली ती लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोहोचली. पाळतीचे तंत्र तेव्हाही सरहद्द मानत नव्हते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. इथेही ठसे घेतले जातात; पण हेतू वेगळा, सरकारी योजनांचा लाभ देण्याचा. दोन्हींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. प्रश्न एवढाच की, नोंद झालेल्या माणसाला दाद कुठे मागता येते?

२०१३ साली एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेची जगभरची इंटरनेट पाळत उघड केली. त्यात हिंदुस्थानी लोकांची माहितीही होती. अमेरिकन कायद्याचे संरक्षण मात्र मुख्यतः तिथल्या रहिवाशांना. सोलापूरच्या माणसाने कोणाकडे जायचे? २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली माहिती संरक्षणाचा कायदाही झाला. पण त्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे.

सूरह हुजुरातने दुसऱ्याच्या गोष्टींची टेहळणी करू नये असे बजावले आहे. संशयाची झळ ज्या समाजाला लवकर लागते, त्याने हे कायदे वाचायला हवेत. कुंपणाच्या तारा निदान डोळ्यांना दिसत होत्या.