पत्त्याची वाट : टपालाच्या खणापासून सर्व्हरच्या नियमांपर्यंत



सुरतेत मराठी वक्ता इतिहासावर बोलायला उभा राहिला की श्रोते इ. स. १६६४ ची वाट पाहू लागतात. आज त्यांची थोडी निराशा होणार आहे. माझा विषय आहे पत्ता. आलेला कागद किंवा आलेली विनंती नेमकी कोणाच्या हाती द्यायची, हे पत्ता वाचून ठरविण्याच्या युक्तीला इतिहास आहे, आणि त्यात आपल्या माणसांचा वाटा आहे.

निमित्त लहानसे घडले. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी संकेतस्थळ तयार होत होते आणि त्यातील शुद्धलेखन तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. उधन्यात राहणारे, यंत्रमागावर उमेद घालवलेले एक गृहस्थ नोंदणीसाठी बसले. त्यांनी ‘नवीन नोंदणी’वर बोट ठेवले. पडद्यावर उत्तर उमटले : या नावाचा विद्यार्थी आढळत नाही. त्यांनी अद्याप आपले नाव लिहिलेसुद्धा नव्हते. पण शाळेच्या दप्तरात आपण नाहीच, असा त्याचा अर्थ घेऊन ते काही न बोलता उठून गेले. ही चूक शुद्धलेखनाची नव्हती. मग कशाची होती, ते समजून घेण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले.

पूर्वी टपालाची छाननी करणारा कारकून पत्ता वाचून पत्र योग्य खणात टाकी. रेल्वेच्या टपालडब्यात हे काम धावत्या गाडीत, दिव्याच्या उजेडात चाले. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि अक्षर म्हणावे तर कोंबडीचे पाय. सगळी भिस्त माणसाच्या स्मरणावर. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड अमलात आला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. ते केंद्रीय दळणवळण खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी व नाटककार होते. या दोन गोष्टी एका माणसात असाव्यात याचे पुष्कळांना नवल वाटते. मला वाटत नाही. सूत्र रचणे आणि क्रमांक रचणे यांत फारसे अंतर नाही.

पिन कोड डावीकडून उजवीकडे वाचायचा. पहिल्या अंकाने देशाचा विभाग ठरतो, दुसऱ्याने उपविभाग, तिसऱ्याने छाननीचा जिल्हा आणि शेवटच्या तिघांनी बटवड्याचे कार्यालय. सुरत शहराचा आरंभ ३९५ ने होतो. उधना मात्र महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही ३९४२१०. नंदुरबार आपल्याला किती जवळ! पण तिकडच्या पत्रावर ४२५४१२ असल्यामुळे पहिल्याच अंकाला त्याची वाट वेगळी होते. छाननी करणाऱ्याला सगळा देश पाठ असण्याची गरज उरली नाही. आपल्या टप्प्याचा अंक वाचला की त्याचे काम झाले. आणि कोणताही क्रमांक बटवड्याच्या एकाच कार्यालयाकडे नेतो. हा शेवटचा मुद्दा कृपया ध्यानात ठेवावा.

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जगासमोर मांडलेल्या वेबमध्ये पत्ता म्हणजे बहुधा दूरच्या यंत्रावरील एका फाइलची जागा असे. अमुक कपाट, अमुक खण, अमुक कागद. पुढे पाने आधी लिहून ठेवण्याऐवजी मागणी आल्यावर तयार होऊ लागली आणि खणात कागदच उरला नाही. मग पत्ता वाचून अमुक विनंती अमुक कार्यक्रमाकडे द्या, असे सांगणारी नियमांची यादी आली. ही यादी सांभाळणाऱ्या तयार साधनाला राउटिंग लायब्ररी म्हणतात. विनंतीचा प्रकार आणि पत्त्याचा साचा जुळला की नियम लागू होतो. यांतील एका प्रकाराचे नावच ‘पोस्ट’ आहे, ही गंमत जाता जाता सांगतो. साच्यात काही शब्द ठाम असतात आणि काही जागा मोकळ्या. ‘माजी’ यापुढे कोणताही शब्द आला तर तो विद्यार्थ्याने निवडलेले लघुनाम समजा, हा मोकळा नियम. ‘माजी’ यापुढे ‘नवीन’ आला तर नोंदणीचे पान उघडा, हा ठाम नियम. एकही नियम जुळला नाही तर ४०४, म्हणजे पत्ता सापडत नाही.

आता अडचण पाहा. ‘नवीन’ हा शब्द दोन्ही नियमांत बसतो. पिन कोडमध्ये जे घडू शकत नाही ते येथे घडते. २००४ च्या रेल्समध्ये आणि २०१० च्या एक्सप्रेसमध्ये रीत अशी की यादी वरून खाली वाचायची आणि प्रथम जुळेल त्याला मान द्यायचा. आमच्या संकेतस्थळाच्या तरुण कारागिराने मोकळा नियम वर लिहिला होता. त्यामुळे ‘नवीन’ नावाच्या विद्यार्थ्याचा शोध सुरू झाला, आणि तो नव्हता.

व्याकरणाच्या अध्यापकाला हे ऐकून हसू आवरणे कठीण. दोन नियम एकाच जागी लागू होऊ लागले तर कोणाचे चालावे, यावर आमच्या शास्त्राने दोन हजारांहून अधिक वर्षे खल केला आहे. महाभाष्यातला दृष्टान्त प्रसिद्ध आहे : ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक. कौंडिण्यही ब्राह्मणच, तरी त्याला दही मिळत नाही, कारण विशेष नियम सामान्याला बाजूला सारतो. (सुरतेच्या उन्हाळ्यात तो कुरकुरला नसता.) नियम कोणत्या क्रमाने सांगितले, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. समबळ नियमांच्या संघर्षात पुढचा बलवान, ही पाणिनीय परंपरेची समजूत. काशीत राहिलेल्या, मूळच्या महाराष्ट्रीय नागेश भट्टांनी अठराव्या शतकात ‘परिभाषेन्दुशेखरा’त या बलाबलाची चर्चा केली : पर, नित्य, अंतरंग आणि अपवाद, यांत उत्तरोत्तर बलवान. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात तो ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह मुंबईत प्रसिद्ध केला.

प्रथम जुळेल त्याला मान, ही रीत समजायला सोपी आहे, हे मान्य. पण नियम दोनशे झाले म्हणजे वरच्या एका ओळीने खालच्या चार कधी गिळल्या, हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये गो या भाषेच्या १.२२ आवृत्तीत दुसरी वाट स्वीकारली गेली : साचा जितका विशेष, तितका तो बलवान, मग क्रम कोणताही असो. दोन साचे एकमेकांत गुंतले आणि कोणताच अधिक विशेष नसेल, तर कार्यक्रम आरंभीच अडून बसतो. त्या मंडळींनी कौंडिण्याचे नाव ऐकले असेल असे मी म्हणत नाही. विचार मात्र तोच आहे, आणि मला तो अधिक न्याय्य वाटतो.

तथापि अपवादानेही सगळे सुटत नाही. कारागिराने दोन ओळींची अदलाबदल केली आणि नोंदणी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी एका माजी विद्यार्थ्याची तक्रार आली की त्याचे पान कधीच उघडत नाही. तेथे नोंदणीचाच कोरा अर्ज दिसतो. त्याचे नाव नवीन होते. येथे ताक चुकीच्या पानात पडले होते. शेवटी आम्ही वेलणकरांची वाट धरली. लघुनामे काढून टाकली. शाळा सोडल्याचे वर्ष आणि त्यापुढे पटावरचा क्रमांक, असा प्रत्येकाचा पत्ता केला. मोकळ्या जागेत अंकाखेरीज काही स्वीकारायचे नाही, अशी अट घातली. ‘नवीन’ हा शब्द मग कोणाच्या वाटेत येईना.

उधन्याच्या त्या गृहस्थांना मी स्वतः दूरध्वनी केला. ते यायला तयार नव्हते. पुन्हा बोलावले तेव्हा नातवाला घेऊन आले. त्यांनी अर्ज भरला, पटावरचा क्रमांक त्यांना अजून पाठ होता. पत्त्याच्या रकान्यात त्यांनी गल्ली, घर क्रमांक, उधना असे सावकाश लिहिले आणि शेवटी ३९४२१० हे अंक नातवाकडून तपासून घेतले.