तीन पत्ती

52 पत्त्यांच्या एका कॅटावर, प्रत्येकी तीन पाने वाटून खेळला जाणारा पैजेचा खेळ. महाराष्ट्रात तो तीन पानी, तिरट किंवा फ्लश या नावांनीही ओळखला जातो. इंग्लंडमधील ब्रॅग या खेळापासून तो निघाला असे मानतात. पोकरशी त्याचे जवळचे नाते आहे. दोन्ही खेळांत पाने लपवून पैज वाढवत नेतात, आणि हातात काही नसतानाही इतरांना माघार घ्यायला लावून डाव जिंकता येतो.

डावाची मांडणी : साधारणपणे तीन ते सहा जण खेळतात. जोकर बाजूला काढले जातात. वाटपापूर्वी प्रत्येक जण ठरलेली सारखी रक्कम मध्ये टाकतो; तिला बूट म्हणतात. पत्ते पिसून, काटून एकेक करत तीन पाने पालथी वाटली जातात.

चाल : वाटणाऱ्याच्या शेजारचा खेळाडू सुरुवात करतो. पाने न पाहता खेळणारा ‘ब्लाइंड’, पाहून खेळणारा ‘सीन’. चालू रक्कम 10 रुपये असेल, तर ब्लाइंड खेळाडू 10 ते 20 रुपये लावू शकतो. सीन खेळाडूला त्याच्या दुप्पट, म्हणजे 20 ते 40 रुपये लावावे लागतात. सीनने 40 लावले, तर पुढच्या ब्लाइंडसाठी चालू रक्कम 20 धरली जाते. न पाहण्याची जोखीम घेणाऱ्याला ही सवलत मिळते. पुढे खेळायचे नसेल तो पाने टाकून ‘पॅक’ होतो आणि त्याने लावलेली रक्कम मध्येच राहते.

सीन खेळाडू आपल्या आधीच्या सीन खेळाडूकडे ‘साइड शो’ मागू शकतो. त्याने मान्य केल्यास दोघे एकमेकांची पाने गुपचूप पाहतात व हलकी पाने असलेला पॅक होतो. दोघेच उरले की ‘शो’ मागता येतो. मात्र समोरचा ब्लाइंड असेल, तर सीन खेळाडूला प्रचलित नियमानुसार शो मागता येत नाही. शोमध्ये पाने बरोबरीची निघाली, तर शो मागणारा हरतो. बाकीचे सगळे पॅक झाल्यास उरलेला खेळाडू पाने न दाखवता मधली रक्कम घेतो.

पानांची श्रेणी : वरून खाली क्रम असा : ट्रेल (तीन एक्के, तीन राजे इत्यादी), प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगातील सलग पाने), सिक्वेन्स (वेगवेगळ्या रंगांतील सलग पाने), कलर (तिन्ही इस्पिक, बदाम, चौकट किंवा किलवर), जोडी आणि शेवटी सर्वांत मोठे पान. तीन पानांचे एकूण 22,100 संच होतात. त्यांत ट्रेल 52, प्युअर सिक्वेन्स 48, सिक्वेन्स 720, कलर 1,096 आणि जोड्या 3,744 आहेत. उरलेल्या 16,440 संचांत यांपैकी काहीच नसते. म्हणजे चारपैकी सुमारे तीन वेळा हातात साधी जोडीही येत नाही. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा किंचित दुर्मीळ असूनही रूढीने ट्रेल वरचढ ठरते. पाच पानांच्या पोकरमध्ये मात्र कलर (5,108 संच) सिक्वेन्सपेक्षा (10,200) दुर्मीळ असल्याने तिथे कलर वर आणि सिक्वेन्स खाली असते.

कायदा : पैसे लावून सार्वजनिक ठिकाणी किंवा जुगाराच्या अड्ड्यावर हा खेळ खेळणे 1887 च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. संपूर्ण राज्याला हा कायदा लागू आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा, तर फ्लश, ब्रॅग या नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा ठरवला. शेजारच्या गोव्यात परवानाधारक कॅसिनोंना कायद्याने मुभा आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला.