झिजलेल्या पायऱ्यांचे छायाचित्र

इमारतीचा इतिहास म्हटला म्हणजे ती कोणी व केव्हा बांधविली एवढेच आपण विचारतो. तिच्यात वावरले कोण, हे सहसा विचारीत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे मूक उत्तर फ्रेडरिक एव्हान्स यांच्या एका छायाचित्रात आम्हांस आढळते.

एव्हान्स हे लंडनचे पुस्तकविक्रेते. १८९८ साली तो व्यवसाय सोडून ते छायाचित्रणाकडे वळले. १९०३ साली त्यांनी इंग्लंडातील वेल्स येथील कॅथीड्रलमधील तेराव्या शतकातल्या एका दगडी जिन्याचे चित्र घेतले व त्यास ‘पायऱ्यांचा सागर’ असे नाव दिले. हा जिना एकीकडे उजव्या हातास वळून धर्मगुरूंच्या सभागृहाकडे जातो. दुसरीकडे सरळ चढून, पंधराव्या शतकात जोडलेल्या पुलावरून, गायकवर्गाच्या वसतीकडे जातो. शतकानुशतकांच्या पावलांनी पायऱ्या खोलगट झाल्या आहेत. खिडकीच्या उजेडात त्या लाटांसारख्या भासतात. चित्रावर मागाहून हात फिरविणे एव्हान्स यांस मुळीच मान्य नव्हते. म्हणूनच प्लॅटिनम कागदाच्या करड्या छटांत ती झीज जशीच्या तशी उतरली आहे.

बिशपांची नावे दफ्तरांत राहिली. जिना चढणाऱ्या असंख्य सामान्यांची सही एवढीच. गवंड्याच्या लेखी झीज हा दोष, इतिहासकाराच्या लेखी ती लेख होय. चढणाऱ्यास ठेच लागू नये म्हणून नवा दगड बसविणे कधी भागच पडते. परंतु जुना दगड हलविण्यापूर्वी त्याचे प्रामाणिक छायाचित्र घेतले जावे, एवढेच आमचे मागणे आहे.