हेलसिंकी ते टोकियो: आकाशातला वळसा

पृथ्वीगोलावर दोरी ताणून मोजले, तर हेलसिंकी ते टोकियो अंतर सुमारे 7,800 किलोमीटर भरते आणि त्यातला बहुतेक भाग रशियावरून जातो. अंतर आहे तिथेच आहे. प्रवासाचे तास मात्र घटले आणि पुन्हा वाढले. विमाने वेगवान झाली म्हणून जग जवळ आले, असे आपण सहज म्हणतो. या वाटेचा इतिहास पाहिला की ते अर्धेच खरे वाटते. 1944 च्या शिकागो कराराने आपापल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाची सत्ता मान्य केली. सोव्हिएत संघ त्या करारात नव्हता, पण आपले आकाश त्याने अधिकच घट्ट मिटून ठेवले. मग युरोपातून जपानला जायचे ते दक्षिणेकडून, भारतीय उपखंडात थांबे घेत. 24 फेब्रुवारी 1957 रोजी 'एसएएस' कंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाच्या बाजूने, अलास्कातल्या अँकोरेजला इंधन भरत टोकियो गाठायला सुरुवात केली. सुमारे 50 तासांचा प्रवास 32 तासांवर आला. हा यंत्राचाच विजय नव्हे का? होय, पण वेगाचा कमी आणि पल्ल्याचा जास्त: त्या वाटेवरचे डीसी-7सी हे पंख्याचेच विमान होते, फक्त लांब उडणारे.

वेग खरोखर वाढला तो पुढे जेटमुळे, हे मान्य करायलाच हवे. पण जेट आल्यावरही सायबेरियाचे दार किलकिलेच राहिले. 1970 पासून काही कंपन्यांना मॉस्कोत उतरण्याच्या अटीवर वाट मिळाली, बाकीच्या अँकोरेजवरून जात राहिल्या. 1983 मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीचे डीसी-10 ध्रुवावरून थेट टोकियोला जाऊ लागले, तेव्हा सुमारे 13 तास लागत. शीतयुद्ध सरता सरता सरळ वाट खुली झाली आणि तोच प्रवास साडेनऊ-दहा तासांचा झाला. ती सवलत फुकट नव्हती. परक्या कंपन्या त्यासाठी रशियाला जबर शुल्क मोजत. तरी फिनएअरने आशियाची जवळची वाट म्हणून हेलसिंकीचा सारा धंदा तिच्यावर उभा केला.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, दोन्ही बाजूंनी आकाशे मिटली आणि मार्चमध्ये फिनएअर पुन्हा ध्रुवावरून उडू लागली. विमान आता ए-350, कितीतरी कमी इंधन खाणारे. तास मात्र पुन्हा सुमारे 13. वाऱ्याने फरक पडतो, असा आक्षेप घेता येईल. पडतोच, पण त्याने तीन-चार तासांचा हिशेब जुळत नाही. शिवाय, चिनी कंपन्यांना रशियाने अडवलेले नाही. त्यामुळे त्याच दिवशी, त्याच जातीचे विमान युरोपातून बीजिंगला चिनी झेंड्याखाली लवकर पोहोचते आणि युरोपीय झेंड्याखाली उशिरा.