तक्ता आणि मॅट्रिक्स: एका सोयरिकीची कुळकथा

मुळशी तालुक्यातल्या उरवड्यासारख्या गावाचा पीकपेरा स्प्रेडशीटमध्ये उतरवायला घेतला, की पहिली खोडी गट नंबरच काढतो. बारा नंबरच्या गटाचा तिसरा हिस्सा म्हणून 12/3 लिहावं, तर एक्सेल त्याची 12 मार्च करून मोकळा होतो. बरं, हा फरक नुसता दिसण्यातला नाही. 2025 साली टंकलं असेल तर त्या घरात 45728 हा आकडा जाऊन बसतो, कारण एक्सेल तारखा 1900 सालापासूनच्या दिवसांत मोजतो. पुढे हाच तक्ता विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेला, की हिस्सा हरवलेला आणि हाती एक अगम्य पाच आकडी संख्या. आपल्या तलाठ्यांनीच हे सोसलं असं नाही. माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने 2020 साली मार्च-1, सेप्ट-1 अशी जनुकनावंच बदलली. एक्सेल त्यांच्याही तारखा करत होता.

या घोटाळ्याचं मूळ तक्ता आणि मॅट्रिक्स या दोन वेगळ्या घराण्यांत आहे. तक्त्याचं घराणं महसुलाचं. रॉबर्ट प्रिंगल यांची जमीनमोजणी पुणे जिल्ह्यात फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केलं. शेताला नंबर, नंबरासमोर क्षेत्र, प्रत आणि आकार. 1847 च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यात पक्की केली. आजचा सातबारा त्याच वळणाचा आहे: नमुना सातमध्ये हक्क, नमुना बारामध्ये पिकं. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवू लागला, तरी रकाने त्याच जातीचे राहिले. एका ओळीत नाव, नंबर, क्षेत्र, शेरा सगळं नांदतं. वाचणारा माणूस असल्याने कुणाचं काही अडत नाही.

मॅट्रिक्सच्या घराण्यात मात्र सोवळं कडक. गणिती सिल्व्हेस्टरने 1850 मध्ये हे नाव दिलं, गणिती केलीने 1858 च्या निबंधात मॅट्रिक्सची बेरीज-गुणाकाराची रीत बांधली. गुणाकार करायचा तर प्रत्येक घरात संख्याच हवी. शेऱ्याला तिथे थारा नाही. या घराण्याशी पुण्याचंही नातं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, 1943 साली, त्यांनी बदलत्या निरीक्षणांची मोजक्या, परस्परांपासून स्वतंत्र घटकांत फोड करण्याची रीत मांडली. पुढे ती कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जगभर गेली. कोसंबींचं नाव त्या मानाने मागेच राहिलं, आणि ते मला खटकतं. शेकडो गटांचा पीकपेरा मॅट्रिक्समध्ये घालायचा तो अशाच फोडीसाठी: कुठल्या जमिनी एकमेकींसारख्या वागतात ते पाहायला.

सोयरीक जुळली ती अमेरिकेत. बेल लॅब्जमध्ये 1976 साली जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी एस ही भाषा रचायला घेतली. तिच्या पोटात फोर्ट्रानची गणितं होती आणि फोर्ट्रान मॅट्रिक्स रकान्या-रकान्याने साठवते. तीच सवय आर या भाषेत उतरली (हेक्टर-आरमधल्या आरशी तिचा संबंध नाही). म्हणून आरला आकड्यांची सलग यादी दिली, तर ती आधी पहिला रकाना वरून खाली भरते. ओळीने वाचायची सवय असलेल्याचा इथे हमखास घोटाळा होतो. दरम्यान 1979 मध्ये व्हिजिकॅल्कने तक्ता घरगुती संगणकावर आणला. मिश्र रकान्यांचा तक्ता जसाच्या तसा सांभाळणारी ‘डेटा फ्रेम’ 1992 च्या सुमारास एसमध्ये आली. तेव्हापासून तक्ता डेटा फ्रेममध्ये राहतो आणि गणिताची वेळ आली की त्याचा मॅट्रिक्स करतात.

खरी गफलत या शेवटच्या पायरीवर होते. आरमध्ये ‘ॲज डॉट मॅट्रिक्स’ म्हटलं आणि तक्त्यात पिकाच्या नावाचा एक जरी रकाना राहिला, तर सगळी क्षेत्रंही अक्षरं बनतात. ‘डेटा डॉट मॅट्रिक्स’ त्याहून फसवा: तो नाचणी, भात, वरई यांना गुपचूप 1, 2, 3 असे क्रमांक देतो, आणि मग कुणी भाताची सरासरी काढून बसतो. सातबाऱ्यावरचं 0.41.50 हे क्षेत्रही दोन टिंबांमुळे अक्षरच ठरतं; ते आधी 0.415 हेक्टर करून घ्यावं लागतं.

नीट रीत अशी. गट नंबराचा रकाना टंकण्याआधीच ‘टेक्स्ट’ करावा. तो मॅट्रिक्सच्या आत न घालता ओळींचं नाव म्हणून बाहेर ठेवावा. पिकाची नावं रकान्यांच्या डोक्यावर जावीत, आत फक्त क्षेत्र. आरमधली ‘एक्सटॅब्स’ ही आज्ञा हे एका झटक्यात करते, पण ज्या गटात एखाद्या पिकाची नोंदच नाही तिथे ती शून्य लिहून टाकते. ‘टीअप्लाय’ तिथे ‘नोंद नाही’ अशी खूण ठेवते. मी दुसरीच वापरायला सांगेन. पाहणी होऊन पीक नव्हतं तो गट आणि पाहणीच झाली नाही तो गट, हे दोन्ही एकाच शून्यात गेले की पुढचं गणित कितीही बिनचूक असो, गावाचं चित्र चुकीचंच निघतं.